पुणे आकाशवाणीला कान होते तेव्हा

शेतकरी भावांनो, १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोता मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायचे, ऐकायचे, वाद घालायचा, सवाल केंद्राकडे धाडायचे. २० कार्यक्रम झाले. प्रयोग गाजला, म्हणूनच १९५९ पासून देशभर नेला; तिथे तो खात्याच्या फायलींत विरला.

उरला उपदेश! बोंडअळीवर काय फवारा, ज्वारी कधी पेरा. कापूस बाहेरून का आणता, हे विचारायला रेडिओला कान नाहीत.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या ठरवल्या. २००६ पासून संस्थांना सामुदायिक रेडिओ मिळतो, पण स्वतःच्या बातम्या द्यायची बंदी. मालक आम्ही, तोंडाला कुलूप! ही बंदी उठवा, असा ठराव येत्या जिल्हा बैठकीत घ्या.