आधी बेसिक विचारा
दुबईच्या शाळेचं नेमणूकपत्र हाती आलं की आपले बी.एड. झालेले उमेदवार एकूण आकडा पाहतात आणि लगेच त्याचे रुपये करतात. पदवी साक्षांकित करायला महिनोन्‌महिने खेटे घालणारा माणूस पगाराची फोड मात्र वाचत नाही, याचं नवल वाटतं. अमिरातीत परदेशी नोकरदाराला सरकारी पेन्शन नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या, पुढे 30 दिवसांच्या पगाराइतकी, आणि तीही फक्त मूळ पगारावर. समजा, दोन शाळा दहा-दहा हजार दिरहमच देतात. एकीचं बेसिक 4,000, दुसरीचं 6,000, बाकी सगळे भत्ते. पाच वर्षांनी पहिलीकडून 14,000 मिळतील, दुसरीकडून 21,000. कुणी म्हणेल, तिथे पगारावर प्राप्तिकर नाही, दरमहा हातात तेवढेच पडतात, मग हा कीस कशाला? कर नाही हे खरंच. पण इथल्यासारखा भविष्यनिर्वाह निधीही कापला जात नाही, आणि व्हिसा बहुधा नोकरीलाच बांधलेला असल्याने ती गेली की गाशा गुंडाळायला मुदत मोजकीच असते. बचतीची शिस्त असलेल्याचं काही अडणार नाही, हे मान्य. पण वरचे 7,000 दिरहम त्यालाही नकोसे होतील, असं वाटत नाही.