घोड्याला एकर, माणसाला फूट

दोस्तहो, आधी हिशेब. मी मॅट्रिक. गोदीत ठेक्यावर पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. बीजगणित विसरलो, पण भागाकार अजून येतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स २११ एकर. म्हणजे जवळजवळ ९२ लाख चौरस फूट. आमची खोली दहा बाय दहा, त्यात सहा माणसं आणि एक मोरी. आता भागा. ९१ हजारांच्या वर खोल्या! एवढी जागा मुंबईच्या ऐन छातीवर १८८३ पासून घोड्यांच्या टापांखाली आहे, आणि हे साले आम्हाला सांगतात, मुंबईत जागा नाही. जागा हाय. माणसाला न्हाई, एवढंच.

ही जमीन क्लबाच्या बापाची नाही. सरकारची आणि महापालिकेची आहे. गोऱ्याच्या राज्यात १९१४ पासून भाडेपट्ट्यानं दिलेली. तो पट्टा २०१३ च्या मे महिन्यात संपला. झोपडीवाल्याकडे कागद नसला की सकाळी बुलडोझर दारात. क्लबाचा कागद संपला तर दहा वर्षं चहा-बिस्किटं आणि बोलणी. २०२४ च्या जानेवारीत तर कमालच झाली. क्लबाच्या सभासदांनी मतदान घेतलं, जमीन सोडायची की नाही! जमीन तुमची-आमची आणि मत त्यांचं. मग वाटणी ठरली. १२० एकर बागेला, ९१ एकर पुन्हा क्लबाला, आणखी ३० वर्षं. ह्याला म्हणायचं लोकशाही.

आता कायदा बघा. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा. आमच्या गल्लीत कुणी दहा रुपयांचा आकडा लावला तर तो जुगार, हवालदार कॉलर धरून नेणार. पण लायसनवाल्या रेसकोर्सच्या कुंपणात घोड्यावर लावलेला पैसा त्याच कायद्याच्या व्याख्येतून वगळलाय. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. असेल बा. पळणारा घोडा, चाबूक धरणारा जॉकी, पहाटे खरारा करणारा मोतद्दार, ह्यांचं कौशल्य मला मान्य. पण खुर्चीत बसून तिकीट फाडणाऱ्याचं कसलं कौशल्य? गरिबाचं नशीब गुन्हा आणि शेठचं नशीब कसब!

आणि ह्या धंद्याचा पाया काय, माहीत आहे? वंशावळ. शर्यतीच्या घोड्याला नुसतं पळता येऊन भागत नाही. त्याचे आईबाप, आज्जे-पणजे वहीत लागतात. ती वही आहे, स्टड बुक. इंग्रजांनी अठराव्या शतकात सुरू केली, आपल्या देशाची पुण्यात ठेवतात. वहीत नाव नाही तर मैदानात पाय नाही, मग तुम्ही वाऱ्याहून वेगानं पळा. मनूला हे वाचून आनंदाचं भरतं आलं असतं. फरक एवढाच की घोड्याच्या वहीला कुणी धर्म म्हणत नाही, धंदा म्हणतात.

माणसांच्या वहीचं काय? २०१८ च्या मार्चमध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात २१ वर्षांच्या दलित पोराचा खून झाला. घोडा पाळला आणि त्यावर बसला म्हणून मारला, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या एका गावात नुसती वरात काढायला एका दलित नवरदेवाला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. जुलैत ती निघाली, पोलिसांच्या गराड्यात. म्हणजे लीद काढायला आमचा हात चालतो. खोगिरावर आमचं बूड दिसलं की गावाची इज्जत जाते.

२०२३ साली आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी घोडेस्वारीत सांघिक सुवर्णपदक आणलं, ४१ वर्षांनी. पोरांची मेहनत खोटी नाही. पण चौघंही युरोपात राहून शिकले. हा खेळ शिकायला घोडा लागतो, तबेला लागतो, परदेश लागतो, बाप लागतो. आमच्या पोरांना शाळेचं पटांगण नाही. आणि स्पर्धेची मोठमोठी मैदानं हवीत म्हणून ओरडणारे म्हणतात, खेळ सगळ्यांचा आहे.

कुणी शहाणा म्हणेल, क्लब होता म्हणून हिरवळ तरी राहिली, नाहीतर टॉवर उठले असते. ऐकून घ्या. मी तो भागाकार बिल्डरानं हात चोळावेत म्हणून केलेला नाही. तिथं एक वीट चढू नये. श्वासाला मैदान पाहिजेच, आणि सगळ्यात जास्त ते दहा बाय दहावाल्याला पाहिजे. म्हणून मागणी सरळ आहे. उरलेले ९१ एकर परत घ्या. बागेला तिकीट नको, वॉचमनची नजर नको, कपडे बघून अडवणं नको. आणि जे पिढ्यान्‌पिढ्या तिथली लीद उपसतात, त्या मोतद्दारांना आधी पक्कं घर द्या, बाकीचे नकाशे नंतर काढा.

घोड्याशी आपलं वैर नाही. तो पण आपल्यासारखाच, ओझं दुसऱ्याचं आणि चाबूक दुसऱ्याचा. एके काळी आखातातले अरबी घोडे ह्याच मुंबईच्या बंदरात जहाजातून उतरायचे. वैर आहे ते लगाम धरणाऱ्या हाताशी. शंभर वर्षं तो हात बदललेला नाही, फक्त गोऱ्याचा काळा झालाय.

भावांनो, पुढचा पट्टा २०५३ साली संपेल म्हणतात. तोवर थांबणार आहात?