काटा खाली, पण बारदाना कुठाय?

हमीभावाच्या केंद्रावर माल न्यायचा तर आता आधी मोबाइलवर नोंदणी, मग तारीख, मग ट्रॉली. तूर-सोयाबीनला ऑनलाइन नोंदणी आणि एसएमएस काही वर्षांपासून आहेच. कापसासाठी २०२५ च्या हंगामात ‘कपास किसान’ ॲप आलं. चांगलंच झालं. पण मी अमरावतीत इंजिनीअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते आणि माहेरची शेती दर्यापूर तालुक्यात आहे, तेव्हा दोन्हीकडचं बघून सांगते: तारखा कोणत्या हिशेबाने वाटल्या, यावर सगळं अवलंबून आहे. आणि तो हिशेब आपल्याकडे हमखास कच्चा राहतो.

२०१७ चा उन्हाळा आठवा. तुरीचं पीक उदंड, हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. मग काय, अमरावती-अकोल्यातल्या बाजार समित्यांपुढे ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. २२ एप्रिलला खरेदीची मुदत संपली तेव्हाही यार्डात तूर पडून होती. आमची ट्रॉलीही अशाच एका रांगेत होती. बाबा रात्री ट्रॉलीखाली सतरंजी टाकून झोपायचे. झोपायचे कसले, घटकाघटकाला उठून पुढे जाऊन नंबर बघून यायचे. ट्रॅक्टर भाड्याचा, दिवसागणिक पैसे चढत होते. एका सकाळी मापारी म्हणाला, “काटा त खालीच हाय काकाजी, पन बारदानाच नाई न!”

माझ्या विषयाचा निम्मा सिलॅबस त्या मापाऱ्याने एका दमात सांगून टाकला.

संगणकात एकाच वेळी अनेक कामं चालू असतात आणि प्रिंटर, मेमरीतली जागा, एखाद्या खात्यातली शिल्लक अशा गोष्टी त्यांना वाटून घ्याव्या लागतात. दोन कामांनी एकाच क्षणी ‘जागा आहे’ असं पाहिलं आणि दोन्ही आत घुसली, की हिशेब बिघडलाच. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर सेमाफोर नावाचा उपाय काढला. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसोबत बांधलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो वापरला, आणि १९६८ मध्ये त्या सिस्टिमवरचा त्यांचा लेख छापून आला. सेमाफोर म्हणजे खरं तर एक आकडा: आत्ता किती जागा मोकळ्या आहेत. आत जाणाऱ्याने त्यातून एक वजा करायचा, काम उरकलं की एक मिळवायचा. आकडा शून्य असेल तर थांबायचं. अट एकच, बघणं आणि वजा करणं यांच्या मध्ये दुसऱ्या कोणाला शिरता येऊ नये.

थांबायचं कसं, तर झोपून. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘झालं का, झालं का’ विचारत ताटकळणारं काम प्रोसेसरचा वेळ फुकट जाळतं. सेमाफोरवर अडलेल्या कामाला ऑपरेटिंग सिस्टिम बाजूच्या रांगेत झोपवते, प्रोसेसर दुसऱ्याला देते आणि जागा झाली की स्वतः उठवते. बाबांना घरी, खाटेवर झोपता यायला हवं होतं. एसएमएसने ते साधलं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं बारदान्यात अडकलंय. काटे किती आणि दिवसाला किती क्विंटल तोलून होतात, एवढंच धरून तारखा वाटल्या तर फसगत ठरलेली. तोलायला काटा लागतो, भरायला बारदाना, ठेवायला गोदामात जागा. तिन्हींचा आकडा वेगळा ठेवावा लागतो आणि घ्यायचा क्रमही पाळावा लागतो: आधी बारदाना आणि जागा, काटा सगळ्यात शेवटी. उलटं केलं की काय होतं, ते त्या यार्डात मी डोळ्यांनी पाहिलं. एकाची ट्रॉली काट्यापाशी रिकामी केली, तूर चाळून झाली आणि पोती संपली. ढीग हलेना म्हणून काटा अडला, काटा अडला म्हणून मागच्या ट्रॉल्या थेट फाटकापर्यंत तुंबल्या. तेवढ्यात बारदान्याचा ट्रक आला, तो फाटकाबाहेरच उभा. ट्रकला वाट हवी, ट्रॉल्यांना बारदाना हवा, आणि कोणीच हलू शकत नाही. आम्ही याला डेडलॉक म्हणतो. प्रोग्रॅममध्ये दोन ओळींची अदलाबदल झाली तरी तो होतो. परीक्षेत पोरं त्याची आकृती सुरेख काढतात, दहापैकी आठ मार्कही घेतात. मी लॅबमध्ये त्या दोन ओळी मुद्दाम उलट करून प्रोग्रॅम चालवायला लावते; स्क्रीन गोठली की एखादा कीबोर्ड बडवतोच. पोरांचं सोडा, २०२४-२५ च्या सोयाबीन खरेदीतही बारदान्याची ओरड झालीच की.

सेमाफोर लावला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. नंबर कोणाचा, हे तो आपणहून ठरवत नाही. रांग आल्या क्रमाने चालवायची की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती असतं. नाही चालवली तर एखादं काम कायमचं उपाशी राहतं. जो वजाबाकी न करताच शिरतो त्याला सेमाफोर अडवू शकत नाही, म्हणून मागच्या फाटकाने व्यापाऱ्याची एक गाडी आत घेतली की सगळा आकडा खोटा पडतो. आणि बाहेर पडताना एक मिळवायचा राहून गेला, तर जागा मोकळी असूनही आकडा शून्यच दिसतो. ज्याला तारीख मिळाली पण ट्रॅक्टर मिळाला नाही, त्याची जागा त्याच दिवशी पुढच्याला जाते का? ॲप चालवणाऱ्यांनी याचं उत्तर जाहीर द्यावं.

तुरीची खरेदी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक केंद्राने फाटकावर फळा लावावा: आज काटे किती, बारदाना किती, गोदामात किती क्विंटलची जागा. या तिन्हींपैकी जे सगळ्यात कमी, तेवढ्याच मालाला उद्याच्या तारखा द्याव्यात, आणि बारदाना गोदामात उतरल्याशिवाय एकाही ट्रॉलीला बोलावू नये. शेतकरी भावांनो, फळा दिसला नाही तर केंद्रावर तो मागा. दिसला तर त्याचा फोटो रोज गावाच्या ग्रुपवर टाका.