नदीकाठचं घर आणि पंधरा दिवसांची नोटीस

शिरूर अनंतपाळहून इंद्रायणी फार लांब आहे. पण तिथं जे झालं, ते घरणी आणि मांजरा काठच्या आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवं.

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत ३६ बंगले उभे राहिले होते. राष्ट्रीय हरित लवादाने १ जुलै २०२४ रोजी ते पाडण्याचा आदेश दिला, शिवाय ५ कोटींची पर्यावरण भरपाई लावली. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. १७ मे २०२५ रोजी सगळे बंगले जमीनदोस्त झाले. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत घर बांधायला परवानगीच नसते.

आता मुद्दा आपला. बुलडोझर कारवायांवर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी झाल्याशिवाय घर पाडायचं नाही, असं ठरलं. समाजात मोठा दिलासा वाटला. पण त्याच निकालात एक अपवाद आहे, त्याची चर्चा फारशी झाली नाही. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा जलाशय यांतलं अनधिकृत बांधकाम, तसंच न्यायालयाने पाडायला सांगितलेलं बांधकाम, यांना हे संरक्षण नाही. म्हणजे नदीपात्रात घर असेल तर हा निकाल कामाला येईलच असं नाही.

नदी मोकळी राहिली पाहिजे, यात वाद नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये लातूर-नांदेडने पुराचा तडाखा सोसला आहे. पाणी जात-धर्म विचारत नाही. पण प्रश्न असा की, प्लॉट पाडून विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो आणि घर जातं ते मजुराचं. खरेदीखत होतं, घरपट्टीची पावती मिळते, मीटर बसतं. यातलं काहीही बांधकाम परवाना नव्हे, हे त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. पूररेषेचा नकाशा नगरपंचायतीत आणि ग्रामपंचायतीत भिंतीवर लागावा. नियम बंगल्याला आणि पत्र्याच्या घराला सारखाच लागावा. जुन्या गरीब वस्त्यांना आधी पर्यायी जागा मिळावी. आणि आपण? मशीद कमिट्यांनी कब्रस्तान-मशिदीचे कागद आजच तपासावेत. जागा घेण्याआधी पूररेषा विचारा. नोटीस आल्यावर वकील शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.