झेंडावंदन झालं की घरी जाऊ नका

बोईसर, खैरापाडा, सरावली, पास्थळ, कोळवडे, कुंभवली, सालवड, नवापूर, तारापूर. यातल्या कुठल्याही गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे, त्या प्रत्येकाला ही विनंती. येत्या २६ जानेवारीला, २०२६च्या प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदन झालं की घरी जाऊ नका. ग्रामसभेला बसा. सभा त्याच दिवशी असेल किंवा चार दिवस मागेपुढे. तारीख आणि वेळ पंचायतीच्या फलकावर आजच बघून या. जाताना आपला प्रश्न कागदावर लिहून न्या. तोंडी नको, लेखी.

घाई एवढ्यासाठी की पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ला संपतो आहे. या निधीतले साठ टक्के बंधित असतात, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. बाकीचे अबंधित, ते गावाने ठरवलेल्या गरजांसाठी. पाच वर्षांत आपल्या पंचायतीला किती आले, कशावर गेले, किती अजून पडून आहेत, हे मार्चनंतर विचारण्यात काही राम नाही. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा आणि अंदाजपत्रकही याच दिवसांत तयार होतं. दिवाबत्ती, गटार, बसथांब्यावरची शेड, वाचनालय, मुलांना खेळायला मैदान, स्मशानभूमीकडचा रस्ता यांपैकी जे आत्ता आराखड्यात शिरणार नाही, त्याला पुढच्या वर्षी उत्तर ठरलेलं आहे: ‘तरतूद नाही.’

आणि वर आपल्या वतीने विचारणारं कोणी उरलेलं नाही. पालघर जिल्हा परिषदेची ५७ जागांची निवडणूक ७ जानेवारी २०२० रोजी झाली. राज्यघटनेने दिलेली पाच वर्षं २०२५च्या सुरुवातीलाच सरली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितल्या, पण एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जातं तिथला पेच सुटलेला नाही. आणि आदिवासींसाठी एवढ्या जागा राखीव असलेला आपला जिल्हा नेमका त्यात अडकला. प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते हे सगळं जिल्हा परिषदेचं. पूर्वी सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य उठून ‘या केंद्रात डॉक्टर का नाही’ असं विचारायचा, अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. आज सभागृहच नाही. फायली अधिकाऱ्याकडून अधिकाऱ्याकडे जातात, मध्ये कोणी टोकत नाही.

बोईसरचं दुखणं तर त्याहून जुनं. २०११च्या जनगणनेत बोईसर ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे पाच हजारांवर वस्ती, दाट लोकसंख्या, आणि कामावरच्या पुरुषांतले पंच्याहत्तर टक्के शेतीबाहेर. जनगणनेला जे शहर दिसलं, ते कारभाराच्या दृष्टीने अजून गावच आहे. ग्रामपंचायतीत कायद्याने जास्तीत जास्त सतरा सदस्य असू शकतात, मग वस्ती कितीही वाढो. १९६९पासून इथल्या अणुऊर्जा केंद्रातून देशाला वीज जाते. शेजारी हजाराच्या वर कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला होतं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला येऊन पंतप्रधानांनी ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन केलं. बंदर हवं की नको, यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते त्यांनी ठासून मांडलेलं आहे. तो वाद इथे काढत नाही. एवढंच म्हणतो की हजारो कोटींच्या गप्पा ऐकणाऱ्या माणसाला स्टेशनवरून रात्री घरी जायला वाहन मिळत नसेल, तर त्याने ते विचारायचं कोणाला?

विचारायला जा, मग कळतं. हा रस्ता एमआयडीसीचा, तो सार्वजनिक बांधकामचा, पलीकडचा जिल्हा परिषदेचा, गल्लीतला पंचायतीचा. स्टेशनचं आवार रेल्वेचं, त्याच्या दारातला कचरा मात्र कोणाचाच नाही. कॅरमच्या सोंगटीसारखा माणूस या काठावरून त्या काठावर आपटत राहतो. म्हणून सुरुवात जिथे आपल्याला कायद्याने बसायचा हक्क आहे तिथून करायची, आणि ती जागा म्हणजे ग्रामसभा. मतदार आहात म्हणजे तुम्ही तिचे सदस्य आहात. कोणी बोलावण्याची, कोणी परवानगी देण्याची गरज नाही. एवढ्या मोठ्या गावात गणपूर्तीला शंभर माणसं पुरतात. ती शंभर जमत नाहीत, सभा तहकूब होते, मग तहकूब सभा मूठभर माणसांत उरकते आणि ठराव सगळ्या गावाच्या नावाने लिहिले जातात.

आता प्रश्न कसा विचारायचा ते सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

‘रस्ता कधी होणार?’ हा प्रश्नच नव्हे. त्याला ‘लवकरच’ हे उत्तर तयार असतं आणि टाळ्याही पडतात. असं विचारा: या रस्त्याचं शेवटचं काम कोणत्या निधीतून झालं? कार्यादेश कोणत्या तारखेचा? ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, आणि तो संपायच्या आत रस्ता उखडला असेल तर दुरुस्तीची नोटीस गेली का? मोजमाप पुस्तिकेवर सही कोणाची? इथे ‘लवकरच’ चालत नाही. एक तर कागद दाखवावा लागतो, नाहीतर कागद नाही हे कबूल करावं लागतं.

एसटीचंही तसंच. ‘गाड्या वाढवा’ म्हणून बोईसर आगारात वर्षानुवर्षं निवेदनं दिली जातात, हार घालून फोटो निघतात. सभेत विचारायचं ते असं: सेकंड शिफ्ट सुटल्यावर, रात्री अकरानंतर, बोईसरहून नवापूर, तारापूर, चिल्हार फाट्याकडे शेवटची गाडी कितीची? जादा फेरीसाठी पंचायतीने पालघर विभाग नियंत्रकांना पत्र लिहिलं का? लिहिलं असेल तर जावक क्रमांक सांगा, आलेलं उत्तर वाचून दाखवा. नसेल लिहिलं तर आत्ता ठराव करा. कारखान्यातून सुटलेली बाई रात्री शेअर रिक्षा भरेपर्यंत नाक्यावर उभी असते. तिच्यासाठी दिवा, शेड आणि स्वच्छतागृह हे तर सरळ पंचायतीच्या हातातलं आहे.

रेल्वे पंचायतीचं ऐकत नाही, हे खरं. विरार-डहाणू लोकल २०१३च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तीही प्रवाशांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर. या मार्गाचं चौपदरीकरण २०१६मध्ये एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात मंजूर झालं, अजून आपण त्याच गर्दीत लोंबकळतो आहोत. तरीही ग्रामसभेचा ठराव मुंबई सेंट्रलच्या विभागीय व्यवस्थापकांकडे गेला की तो सरकारी कागद होतो, एका प्रवाशाची तक्रार राहत नाही. सफाळे, केळवे, उमरोळी, वाणगाव इथल्या पंचायतींनीही तोच मजकूर त्याच आठवड्यात पाठवला तर अधिकच बरं.

कारखान्यांचा विषय टाळला जातो, कारण गावातल्या अनेकांची चूल त्यावर पेटते. पण औद्योगिक वसाहतीतून गोळा होणाऱ्या करातला किती वाटा पंचायतीत आला, हे विचारल्याने कोणाची नोकरी जात नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. मग पंचायतीने रुग्णवाहिका, मैदान, वाचनालय यांचे प्रस्ताव कोणाकोणाला दिले? कागदाची ताकद बघायची तर किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाकडे बघा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली तारापूरच्या कारखान्यांतून खाडीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादात नेला. २०२२च्या जानेवारीत लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी केंद्रावर भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते असो. पण ज्या खाडीबद्दल सगळे नुसतं हळहळत होते, तिच्याबद्दल कोणाला तरी शपथेवर उत्तर द्यावं लागलं.

बायकांना वेगळं सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, कायद्यात तसं आहे. ती कागदोपत्री झाली असं दाखवू देऊ नका. पाणी किती वाजता येतं, किती दिवसांआड येतं, अंगणवाडीची खोली कशी आहे, हे तुमच्याइतकं नेमकं सांगणारं सभेत दुसरं कोणी नसतं.

चाळींत राहणारे, ज्यांचं मत अजून जळगाव, आझमगड किंवा दरभंग्याला आहे, त्यांना सभेत मत देता येणार नाही. पण लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. आणि खरं सांगायचं तर, दहा-पंधरा वर्षं इथे भाडं भरताय तर नाव इथल्या यादीत आणा.

पालघरकरांचं गणित उलटं आहे. त्यांना ग्रामसभा नाही, पण डिसेंबर २०२५च्या निवडणुकीनंतर नगरसेवक आहेत. त्याआधी दीड वर्षाहून जास्त काळ तिथेही प्रशासकच होता. प्रचारात दारात आलेल्या माणसाला आता दारात बोलवा आणि एक प्रश्न त्याच्या हातात द्या: हा सर्वसाधारण सभेत विचार, आणि इतिवृत्तात आला की प्रत मला दाखव. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात जव्हार-मोखाड्याहून कामाला आलेला माणूस पालघर स्टेशनवरून तिथे कसा पोहोचतो, हा त्यातला पहिला प्रश्न असायला हरकत नाही. परिषदेची सभा दोन महिन्यांतून एकदा व्हावी लागते आणि ती लोकांसाठी खुली असते, जाऊन बसा. १४ ऑगस्ट १९४२ला याच पालघरमध्ये लोक कचेरीवर मोर्चाने चालून गेले आणि पाच जणांनी गोळ्या झेलल्या. आज २०१८च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकाला दप्तर पाहता येतं. किती जण जातात?

बोईसरला नगरपरिषद हवी, असं मलाही वाटतं. आसपासच्या गावांना घरपट्टी वाढेल, ग्रामसभा जाईल अशी भीती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. तो निर्णय मंत्रालयात केव्हा व्हायचा तेव्हा होवो. तोवर जी सभा हातात आहे ती रिकामी ठेवून नव्या सभागृहाची वाट बघणं मला पटत नाही.

तेव्हा करायचं ते एवढं. एका कागदावर एकच प्रश्न, खाली नाव, पत्ता, सही. सभेच्या आठवडाभर आधी पंचायतीत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. ‘आयत्या वेळचे विषय’ यावर विसंबू नका, ती वेळ सहसा येतच नाही. शेजारच्या चार घरांना सोबत घ्या. सभेत आवाज चढवू नका, पक्षाचा झेंडा नको, घोषणा नकोत. उत्तर मिळालं तर ते, नाही मिळालं तर ‘उत्तर देता आलं नाही’ हे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला इतिवृत्तात लिहायला लावा. ते वाचून दाखवल्याशिवाय उठू नका, आणि वाचून झाल्याशिवाय कोऱ्या पानावर सही तर मुळीच करू नका.