सोयाबीन वावरात, कारखाना बंदरात!

कामरगाव आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

२८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीन ४,८९२ वरून ५,३२८ रुपये. क्विंटलमागे ४३६ रुपयांची वाढ. अभिनंदनाचे ठराव लिहून व्हायच्या आत, ३० मे रोजी, त्याच सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. सेस-अधिभार धरून साडेसत्तावीसचे साडेसोळा झाले. मध्ये दिवस फक्त दोन, आणि पेरणीला अजून अवकाश होता.

हिशेब कागदावर मांडून बघा. परदेशी कच्चं तेल टनाला लाख रुपये धरा. अकरा टक्के शुल्क उतरलं, म्हणजे किलोमागे अकरा रुपये. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं. अठरा गुणिले अकरा, जवळपास २०० रुपये. बुधवारी ४३६ देण्याची घोषणा, शुक्रवारी त्यातले दोनशे काढून घेण्याचा हुकूम. आणि घोषणेतले पैसे खरेदी केंद्रावर माल गेला तरच मिळतात, काढून घेतलेले मात्र कारंज्याच्या हर्रासात प्रत्येक पोत्यामागे जातात.

पुढे सोयाबीनचं काय झालं, पावसाने किती नेलं, उरलेलं कोणत्या भावाने गेलं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. २०१२ सालीही याच मालाने चार हजारांच्या वरचा भाव पाहिला होता, एवढं आठवा आणि त्या वर्षीची डिझेलची पावती सापडली तर शेजारी ठेवा.

आमचं भांडण एकाच गोष्टीशी आहे: आयातीचा तो नळ, जो भाव चढू लागला की उघडतो आणि आपला माल विकून झाला की बंद होतो.

२०२१ आठवतं? जुलै-ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं. ज्यांच्या घरात चार पोती उरली होती, त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपणही बाजारात कोणी आहोत. लगेच ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आणायला परवानगी मिळाली. जे बियाणं आपल्या वावरात पेरायला कायद्याने मनाई, त्याचीच पेंड कोंबड्यांसाठी चालली! नवा माल निघेस्तोवर भाव निम्म्यावर. तुरीचंही तेच. मे २०२१ पासून तिची आयात खुली आहे आणि मुदत संपत आली की ती वाढवायची, असा शिरस्ताच पडला आहे.

आता मे २०२५ च्या निर्णयातली खरी गोम बघा. कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कातलं अंतर पावणेनऊ टक्क्यांवरून सव्वाएकोणीस टक्क्यांवर गेलं, आणि त्यामुळे देशातल्या रिफायनरींना काम मिळेल, असं सरकारनेच अभिमानाने सांगितलं. मिळेल की! कांडला, मुंद्रा, काकीनाडा, हल्दिया. जहाज लागलं, पाइपाने तेल टाकीत उतरलं, रंग-वास काढला, पिशवीत भरलं, झाला स्वदेशी खाद्यउद्योग. त्याला ना सोयाबीन लागतं, ना पाऊस, ना कामरगाव. सोयाबीन गाळणारी सॉल्व्हंट गिरणी मात्र दाण्यावर चालते. तिच्या तेलाला अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या गिरण्यांशी टक्कर द्यावी लागते, आणि शुल्क उतरलं की तोटा ती स्वतः सोसत नाही, आपल्या भावातून वळता करते. तिच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं.

कोणी हुशार म्हणेल, भाव तेलाने नाही, पेंडीने ठरतो. क्विंटलमधली ऐंशी किलोच्या आसपास पेंडच असते, हे बरोबर. मग इथेनॉलसाठी सरकारी तांदूळ २,२५० रुपये क्विंटलने कोणी दिला? त्यातून उरलेला चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा खातोय. तो दुसरा नळ. त्यावर वेगळं पत्रक काढू.

दुसरा आक्षेप ओलाव्याचा. ‘तुमचा माल ओला, बारा टक्क्यांच्या वर.’ बरं. २०२४ च्या हंगामात हीच मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली होती. तेव्हा तरी बाजाराने ४,८९२ दिले का? मॉइश्चर मीटरच्या काट्याला देशाच्या धोरणाचं पाप वाहायला लावू नका.

तिसरा आक्षेप ऐकला की डोकं फिरतं: ‘गरीब ग्राहकाचं काय?’ जणू काही आमच्या घरात भाज्या पाण्यात परततात! पाच माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो तेल लागतं असं धरलं, तर किलोमागे अकरा रुपये म्हणजे पंचावन्न रुपये. गरीब घराला ते रेशनवर द्या, जरूर द्या, तिजोरीतून द्या. सोयाबीनवाल्याच्या खिशातून का? आणि रेशनची गोष्ट निघालीच आहे, तर २०२२ च्या दिवाळीत आपल्या राज्याने शंभर रुपयांत जो शिधा वाटला, त्यातलं एक लिटर तेल कशाचं होतं? पामचं. सोयाबीनच्या राज्यात दिवाळीची चकली मलेशिया-इंडोनेशियाच्या भरवशावर.

‘मग तुम्हीच प्रक्रिया उद्योग काढा, योजना आहेत.’ आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० मध्ये आली, ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल तर कितीतरी आधीपासून आहे आणि चांगली आहे. बचत गटाच्या बायांनी ती चालवून दाखवली आहे. पण उरलेले पैसे कर्जाचे. ज्या धंद्यात कच्च्या मालाचा आणि पक्क्या मालाचा भाव एका रात्रीच्या अधिसूचनेवर उलटतो, तिथे सात वर्षांचा हप्ता कोणत्या भरवशावर बांधायचा? बंदरावरच्या टाकीवाल्याला अधिसूचना सोसते, कारण तो उद्या दुसऱ्या देशातून माल उचलतो. आपल्याला दुसरं वावर नाही.

आणि देशाला स्वतःचं तेल काढणं जमतच नाही असंही नाही. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश आपल्या गरजेचं जवळपास सगळं खाद्यतेल स्वतः काढत होता. शेतकरी तेच, जमीन तीच. १९९४ मध्ये पामोलिन खुलं केलं, शुल्क ६५ टक्के. १९९८ पर्यंत ते १५ वर आलं. आज आपण वर्षाला दीडशे लाख टनांहून जास्त तेल बाहेरून आणतो आणि सव्वा लाख कोटींहून जास्त रुपये मोजतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या तेलबिया अभियानाला मिळाले १०,१०३ कोटी, तेही सात वर्षांत. भागाकार करा: अभियानाचा वर्षभराचा पैसा म्हणजे चार दिवसांच्या आयात तेलाची किंमत. एवढ्यात आत्मनिर्भर व्हायचं!

शाश्वत शेतीची भाषणंही आपण ऐकतो. आमचं सोयाबीन पावसाच्या पाण्यावर येतं, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतं, कुटार जनावरांच्या पुढ्यात जातं. ब्राझीलमध्ये रान तोडून पिकवलेल्या सोयाबीनचं तेल अर्धं जग ओलांडून आणायचं आणि पर्यावरणाचे धडे कामरगावला द्यायचे, याला निर्लज्जपणा म्हणतात.

आम्हाला नवी योजना नको. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्या: पेरणीपासून मार्चअखेरपर्यंत खाद्यतेल, पेंड आणि डाळींच्या आयातशुल्कात कपात नाही. आयात तेल उतरल्यावर सोयाबीनचा हिशेब हमीभावाखाली जाईल इतकं कमी शुल्क कधीच नाही. रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या पोषण आहारातलं तेल-डाळ आधी जिल्ह्यातल्या गिरण्यांकडून. ठरावाची एक प्रत तहसीलला द्या, दुसरी मत मागायला येणाऱ्याच्या हातात, आणि शुल्काचे हे आकडे त्याला मोठ्याने वाचायला लावा.

आपले,
कामरगाव परिसरातील सोयाबीन-तूर उत्पादक
(वाचून झाल्यावर शेजारच्या वावरात द्या.)