वाणीचे वैद्य

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांत मोशे नांवाचा जो मोठा पुढारी आहे, तो जड जिभेचा होता. आपणांस नीट बोलतां येत नाहीं, अशी सबब त्यानें प्रत्यक्ष ईश्वरापुढें सांगितली, आणि अखेर त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीनें बोलूं लागला. त्याच ग्रंथांत जखऱ्या नांवाच्या याजकाची वाचा बंद होते, तेव्हां तो पाटी मागवून आपल्या मुलाचें नांव तीवर लिहून दाखवितो. वाचाचिकित्सेच्या शास्त्रांत पाटीची जागा आज बोलक्या यंत्रानें घेतली आहे; भावानें बोलणें मात्र त्या शास्त्राला शक्य तों नको असतें.

हें शास्त्र शिकविणाऱ्या ख्रिस्ती विद्यापीठांपैकीं टेक्सस संस्थानांतील वेको येथील बेलर हें एक. बाप्तिस्त पंथीयांनीं तें १८४५ सालीं, टेक्सस अद्याप स्वतंत्र गणराज्य असतांना, स्थापन केलें. तेथील पदवीच्या विद्यार्थ्यांस ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास चुकत नाहीं. वाचाचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यास मात्र देशांतील इतर विद्यापीठांप्रमाणेंच ठरलेल्या नियमांनीं चालतो. तो सुमारें दोन वर्षांचा. त्यांतील पहिलें वर्ष आमच्या वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

विद्यार्थी बहुधा मुलीच असतात. मेंदू, स्वरयंत्र आणि कान यांच्या रचनेपासून आरंभ होतो. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदानें १८६१ सालीं, 'तान' या शब्दाखेरीज जवळ जवळ कांहींच बोलूं न शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू मरणोत्तर तपासला आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाशीं वाचेचा संबंध दाखविला. ती हकीकत प्रत्येकीला ठाऊक असते. इंग्रजी लेखनावरून उच्चार कळत नाहीं, म्हणून ध्वनी टिपण्यासाठीं त्यांना एक निराळी लिपि शिकावी लागते. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हा क्रम आमच्या मुलांना मुळाक्षरांबरोबर आयताच मिळतो, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पण त्या क्रमाचा बोबड्या मुलासाठीं उपयोग करणारे आमच्यांत किती निघाले, हें कोणी विचारूं नये. आम्हीं वेखंड उगाळून चाटविलें आणि स्वस्थ बसलों.

मग प्रत्यक्ष रुग्ण. व्यवसायाचा दाखला मिळण्यास ४०० तासांचा अनुभव लागतो. त्यांपैकीं २५ तास नुसतें पाहण्याचे, बाकीचे ३७५ रुग्णाबरोबर काम करण्याचे. विद्यार्थिनी खोलींत असते आणि अध्यापिका कित्येकदां एकतर्फी कांचेपलीकडून पाहत असते. अडखळत बोलणारा मनुष्य एका अक्षरावर अडला म्हणजे नवशिकी मुलगी त्याचा शब्द पुरा करावयास धांवते. ती संवय प्रथम मोडावी लागते. आमच्या घरांतून हेंच करणें जिव्हाळ्याचें समजलें जातें. तेथें ती चूक धरितात.

अभ्यासांत एक अनपेक्षित विषयही असतो, तो म्हणजे गिळणें. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजीं श्वासनलिकेंत उतरूं लागतो, आणि कधीं कधीं रोग्यास साधा ठसकाही लागत नाहीं. अशा वेळीं बेरियम मिसळलेला घांस क्ष-किरणांच्या चलच्चित्रांत घशाखालीं कसा उतरतो तें पाहावयाचें, आणि अन्न किती दाट द्यावें, मान कोणीकडे वळवावी हें सांगावयाचें. हें कामही वाणीच्या वैद्याचेंच.

तथापि वर्षांतील खरा कठीण धडा निराळाच आहे, असें आम्हांस वाटतें. टेक्ससमध्यें स्पॅनिश बोलणारीं घरें पुष्कळ. त्या भाषेंत 'स्क', 'स्ट' अशा जोडाक्षरांनीं शब्दाचा आरंभ होत नाहीं, म्हणून त्या घरचें मूल 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणतें. मग हें मूल रोगी काय? अमेरिकेंतील वाचाचिकित्सकांच्या, १९२५ सालीं स्थापन झालेल्या, राष्ट्रीय संस्थेनें १९८३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचेचा विकार नव्हे. स्पॅनिश घरच्या मुलाकडेही त्याच दृष्टीनें पाहावयाचें. मूल घरच्या भाषेंतही अडत असेल, तेथेंही त्याचें वाक्य जुळत नसेल, तर तो विकार. परक्या भाषेंत नुसतें घरचें वळण डोकावलें, तर तो भेद. यासाठीं विद्यार्थिनीस मुलाच्या आईकडून घरच्या बोलण्याची माहिती घ्यावी लागते, प्रसंगीं दुभाष्याच्या साह्यानें. सरकारी शाळेंत काम करतांना आपला धर्म शिकवावयाचा नाहीं, हें तिला ठाऊक असतेंच. आपली बोली बाजूस ठेवणें त्याहून अवघड जात असावें.

हें लिहीत असतां आम्हांस बऱ्याच वर्षांपूर्वींची आमच्याच ओसरीवरची गोष्ट आठवते. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा सात-आठ वर्षांचा मुलगा आमच्या मुलांबरोबर अभ्यासास बसत असे. धडा मोठ्यानें वाचण्याची त्याला मोठी हौस. 'पाणी'चें तो 'पानी' करी आणि 'आणि'चें 'आनि'. आम्हीं तें सुधारीत गेलों. प्रथम ममतेनें, पुढें मुलें हंसूं लागलीं तेव्हां त्यांच्याबरोबर हंसून. त्याची जीभ निरोगी होती. त्याच्या आईच्या बोलण्यांत त्या जागीं 'न'च होता, आणि तो तिच्यासारखाच बिनचूक बोलत होता. औषध मात्र आम्ही देत होतों. कांहीं दिवसांनीं तो धडा मनांतल्या मनांत वाचूं लागला. मग यावयाचाच राहिला. त्याची आई पुढें चार वर्षें आमच्याकडे येत होती. मुलाचें कसें चाललें आहे म्हणून विचारलें, तर "बरं हाय" एवढेंच सांगे, आणि भांड्यांकडे वळे.